दोन तारा आणि एक खांब

मी एक जुना लोखंडी खांब आहे. मित्रांनो, एवढं वाचूनच तुमच्यापैकी काहीजण पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. खांबाचं कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. नुसतं उभं राहायचं, एवढंच तर काम. पण चाळीस वर्षं एका जागी उभं राहून बघा, म्हणजे ते काम किती अवघड आहे ते कळेल. तुम्हाला शाळेत दहा मिनिटं उभं केलं तरी तुम्ही पाय बदलता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या तीन नळ्या एकात एक बसवल्या, खालची जाड, वरची बारीक, आणि मी तयार झालो. अंगाला चंदेरी रंग फासला, बुडाला डांबर लावलं. रेल्वेनं मी बेळगावला आलो आणि कॅम्पातल्या एका सरकारी आवारात जाऊन पडलो. तिथं माझ्यासारखे तीसेक भाऊ आधीच पडलेले होते. दोन वर्षं आम्ही पावसात भिजलो, उन्हात तापलो आणि ‘अजून कागद आला नाही’ हे वाक्य ऐकत राहिलो. शेवटी एकदाचा कागद आला आणि मला ट्रकात घालून निपाणीच्या बाजूला नेलं.

ज्या गावात मला उतरवलं ते निपाणीपासून दोन कोसांवर आहे. गावाच्या कडेनं ओढा जातो आणि ओढ्यापलीकडं महाराष्ट्र लागतो. माझी जागा ठरली होती ती तंबाखूच्या एका जैन व्यापाऱ्याच्या घरासमोर, रस्त्याच्या वळणावर. गावातला पहिला फोन त्यांच्याकडे येणार होता. पण मला पुरायला माणसं आली ती नेमकी भाद्रपदात, जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस सुरू असताना. माती खणली की तिच्यातले जीव मरतात, म्हणून त्या घरच्या मालकांनी दहा दिवस खड्डा खणू दिला नाही. खात्याची माणसं कुरकुरली. मालकांनी त्यांना दिवस मावळायच्या आत पोटभर जेवू घातलं आणि पर्व संपल्यावर या म्हणून सांगितलं. मी दहा दिवस त्यांच्या अंगणात आडवा पडून होतो. त्या घरातला तिशीतला मुलगा पद्मराज रोज माझ्यावर बसून पेपर वाचायचा. अकराव्या दिवशी मला उभं केलं, हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला. तेवढी पूजा माझी पुन्हा कधी झाली नाही.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. डोक्यावर चिनीमातीच्या पांढऱ्या वाट्या आणि त्यांना गुंडाळलेल्या तांब्याच्या दोन तारा, असा माझा थाट होता. फोनची घंटा वाजली की अख्खी गल्ली कान टवकारायची. ओढ्यापलीकडची माणसंसुद्धा फोन करायला इकडे यायची आणि पाळी येईपर्यंत माझ्या पायथ्याच्या कट्ट्यावर बसायची. लग्नं जमली, नोकऱ्या लागल्या, माणसं गेल्याचे निरोप आले, ते सगळं माझ्या खांद्यावरून आलं. तारेतून काय बोललं जातं ते मात्र मला कधीच कळलं नाही. मला कळतं ते कट्ट्यावर बोललेलं आणि माडीच्या खिडकीतून ऐकू येणारं. कट्टा माझ्या बुडाशी आहे आणि खिडकी माझ्या छातीपाशी, त्यामुळे या घरातलं मला पुष्कळ कळतं.

पुढे मोबाईल आले. गरज सरो वैद्य मरो, म्हणतात ना, तसं झालं. तांब्याच्या तारा एके दिवशी कुणीतरी कापून नेल्या. वाट्या मुलांनी दगड मारून फोडल्या. माझ्या अंगावर गुळवेल चढली, निवडणुकीचे झेंडे बांधले गेले, आणि एक म्हैस रोज संध्याकाळी येऊन माझ्यावर पाठ खाजवून जायची. खरं सांगायचं तर त्या काळात मला हात लावणारी तेवढी एक म्हैसच होती. बुडाचं डांबर गेलं आणि गंज धरला.

नंतर केबल टीव्हीची तार आली, आणि तिच्यामागून फायबरच्या. काळ्या, बारीक, आत काचेचा दोरा असलेल्या. त्यातून नुसता उजेड जातो म्हणे. शिडी लावून कुणीतरी चढायचं, मला एक गाठ मारायची, उरलेल्या तारेचं वेटोळं अडकवायचं आणि जायचं. बघता बघता माझ्या खांद्यावर पाच तारा झाल्या. एकानंही निरखून बघितलं नाही की हा बिचारा उभा आहे तो कशाच्या जोरावर. पाच घरांना उजेड पुरवणारा मी, आणि माझ्या बुडाशी गंजाचं भोक. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

माझ्यावर बसून पेपर वाचणारा तो पद्मराज आता सत्तरीला टेकला आहे. गाव त्याला पद्माण्णा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. त्यांची पत्नी गेली त्याला सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी पद्माण्णांची उजवी बाजू अर्धांगानं लुळी पडली. त्यांना एकच मुलगी, चंदना. ती बंगळूरला नोकरीला होती, ती वडलांसाठी घरी आली.

चंदनाचं काम ऐकून तुम्हालाही ते आवडेल. खेड्यापाड्यातले पेशंट व्हिडिओवर मोठ्या डॉक्टरांना दाखवतात. पेशंट मराठी बोलणारा, डॉक्टर कन्नड बोलणारे, आणि मध्ये चंदना. इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं ती अशी करते की दोघांनाही वाटावं, समोरचा आपल्याच घरातला आहे. आमच्या भागात दोन्ही भाषा सगळ्यांनाच येतात, पण त्याचं पोट भरणारं काम करून दाखवलं ते चंदनानं. माडीवर खिडकीपाशी टेबल टाकून ती सकाळी नऊला बसते. मधल्या वेळेत खाली येऊन वडलांचे हातपाय चोळते, गोळ्या देते, त्यांना धरून कट्ट्यावर आणून बसवते.

कंपनीनं तिला घरून काम करायला दिलं, पण एक अट घातली. पेशंट बोलत असताना तीन महिन्यांत तीनदा लाइन तुटली, तर घरून काम बंद, बंगळूरला हजर व्हायचं. आणि दिवाळीच्या आधीच तिची लाइन दोनदा तुटली. तिच्याकडे तेव्हा गावातल्याच एका केबलवाल्याचं नेट होतं. तो माणूस बोलायला इतका गोड की राग यायचा नाही. ‘उद्या येतो’ म्हणायचा आणि परवा यायचा. आता एकच संधी उरली होती. चंदना बंगळूरला गेली तर पद्माण्णांचं काय? ते म्हणत होते, मी ह्या वयात फ्लॅटच्या पिंजऱ्यात येऊन राहणार न्हाय. मग त्यांना निपाणीत बहिणीकडे ठेवायचं ठरलं असतं आणि हे घर कुलूप लावून बंद झालं असतं. माझ्यासमोरचं घर बंद होणार, या कल्पनेनंच मला कसंतरी व्हायचं.

चंदना हुशार. तिनं घाई केली नाही. दोन दिवस संध्याकाळी ती गल्लीतल्या घराघरांत गेली. कुणी म्हणालं आमचं नेट लई पळतंय, कुणी म्हणालं आमच्यात वर्षाला दोन महिने फुकट. चुलतभाऊ अतुल शेजारीच राहतो, त्याचं खतबियाण्यांचं दुकान आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे सल्ला तयार असतो. त्यानं तिला वेगाचे आकडे पाठ म्हणून दाखवले. चंदना सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, की बंद पडलं तर माणूस किती वेळानं येतो? या प्रश्नावर बहुतेक जण विषय बदलायचे. फक्त दूध डेअरीतला रवळू म्हणाला की आमच्यात मागच्या महिन्यात बंद पडलं आणि दोन तासांत माणूस शिडी घेऊन दारात. चंदनानं तेच कनेक्शन घेतलं. निपाणीच्या एका कंपनीचं होतं. पळायला मध्यम, पण पडलं तर लगेच उठणारं. मला तिची निवड आवडली. मीही काही पळणारा नाही.

पण एकावर विसंबायचं नाही हे तिनं ठरवलं होतं. दुसरं कुठलं घ्यावं, यावर कट्ट्यावर बैठक बसली. आणि इथं पद्माण्णांनी तोंड उघडलं.

मित्रांनो, सीमेवरची माणसं कशी विचार करतात ते तुम्हाला सांगायला हवं. दोन दगडांवर पाय ठेवू नये असं सगळीकडे म्हणतात. इथली माणसं मात्र दोन दगडांवरच पाय ठेवतात आणि पिढ्यान्‌पिढ्या नीट उभी आहेत. ऊस इकडच्या कारखान्याला, दूध तिकडच्या डेअरीला. थोरली मुलगी इकडे दिलेली, धाकटी तिकडे. कधी इकडची एस.टी. बंद, कधी तिकडची, म्हणून दोन्ही स्टँडची वेळापत्रकं पाठ. मोबाईलसुद्धा असेच. पद्माण्णांच्या स्वयंपाकघरात गेलं की फोन ‘महाराष्ट्रात आपले स्वागत’ म्हणतो आणि माडीवर आलं की कर्नाटकात स्वागत करतो, आणि या ओढाताणीत धड कुठलाच लागत नाही.

तर पद्माण्णा म्हणाले, “एक ह्या राज्याचं घेतलंस न्हवं? आता दुसरं त्या राज्याचं घे. दोन्हीकडचं एकदम बंद पडलंय असं मी सत्तर वर्षांत बघितलं न्हाय.”

अतुलनं मान डोलावली. चंदनालाही पटलं. का पटणार नाही? हे शहाणपण या मातीत सत्तर वर्षं खरं ठरलेलं. कागलच्या बाजूच्या एका कंपनीला फोन गेला. चार दिवसांनी ओढ्यापलीकडून तार ओढत दोन माणसं आली. घराशी येईपर्यंत त्यांना शेवटचा एक टेकू हवा होता. रस्त्याच्या वळणावर तो आयता उभा होता.

तो मी.

मला ओरडावंसं वाटलं. अहो, निपाणीची तारही माझ्याच खांद्यावर आहे! पण बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही. त्यांनी दुसरी तार पहिलीच्या शेजारी बांधली, वेटोळं वेटोळ्यावर ठेवलं, आणि चहा पिऊन गेली. चंदनानं माडीवर दोन्ही तारा एका डब्याला जोडल्या. एक काढली तर दुसरी आपोआप चालू व्हायची. तिनं चारचारदा काढून बघितली. वीज गेली तर म्हणून बॅटरीही घेतली. पद्माण्णा कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की आमच्या घरात आता दोन राज्यं कामाला लावलीत. त्यांच्या चेहऱ्यावर आजारपणानंतर पहिल्यांदाच असं तेज दिसत होतं. मला त्यांचं वाईट वाटत होतं आणि काही करता येत नव्हतं.

दिवाळी झाली. उसाचा हंगाम सुरू झाला. आमचा रस्ता कारखान्याकडे जाणारा. सकाळपासून ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत ऊस असा रचलेला की घराची माडी झाकावी. मष्णू नावाचा ट्रॅक्टरवाला रोज दोन खेपा करायचा. त्याचा भाऊ भरमू उसाच्या ढिगावर बसायचा, हातात लांब वेळू. तार आली की भरमू वेळूनं अलगद उचलायचा आणि ट्रॉली खालून निघून जायची. मुलाच्या कपाळावरचे केस बाजूला करावेत तसा तो माझ्या तारा उचलायचा. सात तारांचं ओझं आणि खाली गंज, म्हणून मी थोडा कलंडलो होतो आणि तारा सैल लोंबत होत्या. पण भरमू असेपर्यंत काळजी नव्हती.

डिसेंबरात एक दिवस भरमू लग्नाला गेला. मष्णूनं विचार केला, रोजचाच रस्ता आहे.

सकाळचे साडेदहा वाजले असतील. माडीवर चंदना बोलत होती. पलीकडे येळ्ळूरच्या जयाबाई नावाच्या आजी होत्या. त्यांना साखरेचा आजार होता आणि दोनदा चक्कर येऊन पडल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, इन्सुलिन जास्त होतंय, कमी करायला पाहिजे. किती कमी करायचं, ते डॉक्टर कन्नडमधून सांगायला लागले होते. तेवढ्यात ट्रॉलीवरच्या उसानं माझ्या तारा धरल्या. मष्णूला ट्रॅक्टरच्या आवाजात काही कळलं नाही. मी ताणला गेलो, कण्हलो, गंजलेल्या बुडात कडकन आवाज झाला, आणि सातही तारा एका झटक्यात तुटून उसाबरोबर गेल्या. त्यात निपाणीची होती आणि कागलचीही होती. मी घराच्या बाजूला वाकून राहिलो.

चंदनाचा आवाज मध्येच थांबला. मला त्या शांततेचीच भीती होती.

पण ती रडत बसली नाही. फोन घेऊन ती खिडकीच्या टोकाशी आली, जिथं थोडा आवाज लागतो. आधी तिनं जयाबाईंना साधा फोन लावला, मग डॉक्टरांना त्यातच जोडून घेतलं. चित्र नाही, नुसता आवाज, तोही तुटक. मी खिडकीच्या अगदी जवळ वाकलो होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“आज्जी, वीस न्हाय, बारा घ्यायचं,” ती म्हणाली. “मला म्हणून दाखवा बघू किती ते.”

तिनं तीनदा म्हणवून घेतलं. मग डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगितलं, मग पुन्हा एकदा आजींना. जयाबाईंचं काम नीट झालं. तरी लाइन तुटल्याची नोंद व्हायची ती झालीच. तिसरी.

ती खाली आली. पद्माण्णा कट्ट्यावर बसले होते, मष्णू ट्रॅक्टर थांबवून डोक्याला हात लावून उभा होता. चंदनानं वर बघितलं. चाळीस वर्षांत वायरमन सोडून कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मग तिनं रस्त्यावर पडलेली तारांची दोन टोकं उचलली. त्यांवर दोन कंपन्यांच्या नावांच्या दोन चिठ्ठ्या, आणि दोन्ही तारा खाली पडलेल्या एकाच उसाच्या मोळीत अडकलेल्या. तिनं ती टोकं वडलांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसली.

“माझंच चुकलं गं,” पद्माण्णा म्हणाले. “मी राज्यं दोन बघितली. खांब एकच हाय ते बघितलं न्हाय.”

ती म्हणाली, तुमचं एकट्याचं कुठलं, मी रोज खिडकीतनं खांबाकडंच तोंड करून बसतोय की. तिनं वडलांचा लुळा हात हातात घेतला. मला लाज वाटत होती. चूक माझी नव्हती, तरी मोडलो मीच होतो.

संध्याकाळी तिनं बंगळूरच्या अनुराधा मॅडमना, म्हणजे तिच्या वरिष्ठांना, सगळं जसंच्या तसं लिहून पाठवलं. माझा फोटोही पाठवला. आयुष्यात माझा एकच फोटो निघाला आणि तोही वाकलेला. मॅडमचा दुसऱ्या दिवशी फोन आला. त्यांनी नियम वाकवला नाही, पण एक महिना दिला. दुसरा रस्ता खरोखर दुसरा आहे हे दाखवा. या महिन्यात एकही पेशंट मध्येच तुटला, तर एक तारखेला बंगळूरला यायचं.

अतुलचं म्हणणं पडलं की हा खांब भंगारात घाला. पण मष्णूच्या मनाला फार लागलं होतं. तो आणि भरमू रविवारी आले. ट्रॅक्टरला साखळी लावून त्यांनी मला हळूहळू सरळ केलं, बुडाशी गंज खरवडला, खडी आणि सिमेंट भरलं. चार दिवसांनी भरमूनं स्वतः डांबर लावलं. निपाणीची तार मात्र तुटली त्याच दिवशी दोन तासांत जोडून झाली होती. रवळूचं बोलणं खरं निघालं.

आता दुसरी. चंदनानं ठरवलं, या वेळी तारच नको. हवेतून येणारं नेट घ्यायचं. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर टॉवर आहे, त्याचा डबा घरावर बसवायचा. बसवायला आलेल्या माणसाला तिनं आधी विचारलं की तुमच्या टॉवरला तार कुठनं येते? त्याला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. त्यानं चार ठिकाणी फोन केले आणि सांगितलं, कोल्हापूरकडनं. निपाणीच्या तारेशी तिचा कुठं संबंध नाही. पद्माण्णांनी हे ऐकलं आणि ते ताठ बसले.

“म्हंजे माझं अर्धंच चुकलतं,” ते म्हणाले.

मग तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, हा खांब चांगला उंच आहे, घट्टही केलाय, ह्याच्यावरच डबा लावू, एकदम फुल्ल रेंज येईल. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पुन्हा माझी गरज लागली, असं वाटलं. चंदना मात्र आडवी आली.

“न्हाय. ह्याच्यावर आता काय बी लावायचं न्हाय. लई झालं त्याचं.”

डबा माडीच्या जिन्यावर, वेगळ्या पाइपवर बसला. मी आधी जरा खट्टू झालो. सगळे मला ‘त्याला लावा, त्याला बांधा’ म्हणायचे. माझ्यावर काही लावू नका असं म्हणणारी ती पहिलीच. रात्र उलटल्यावर मला तिचं म्हणणं कळलं आणि मग बरं वाटलं.

महिन्याचे पंचवीस दिवस नीट गेले. सव्विसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास अतुल हातात मोबाईल घेऊन घराबाहेर आला. नेट गेलं म्हणाला. त्याच्यामागून त्याची बायको राजश्री आली, तिची मालिका अडकली होती. मग रवळू आला. आमच्याकडे नेट गेलं की माणसं कट्ट्यावर येतात. पूर्वी फोन आला की यायची, आता नेट गेलं की येतात. कुणीतरी बातमी आणली की हायवेला खोदकामाच्या यंत्रानं मोठी केबलच तोडली, निपाणीपासून इथपर्यंत सगळं बंद, संध्याकाळपर्यंत काही खरं नाही. माझ्या अंगावरच्या सगळ्या तारा मेल्या होत्या. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी कंपनीला नावं ठेवत होतं, कुणी सरकारला, आणि सरकार म्हटलं की आमच्याकडे दोन असतात, त्यामुळे आवाज दुप्पट चढला.

मी मोजत होतो. अतुल आला, राजश्री आली, रवळू आला, समोरच्या घरातले चौघे आले. पद्माण्णा तर बसलेलेच होते. चंदना आली नाही.

पद्माण्णाही माडीच्या खिडकीकडेच बघत होते. खिडकीतून तिचा आवाज येत होता. रोजच्यासारखा, संथ. एक वाक्य मराठी, एक वाक्य कन्नड. कुणाला तरी पाय दुमडून दाखवायला सांगत होती. पद्माण्णांचे डोळे भरले. त्यांनी डावा हात वर केला आणि गल्लीला दटावलं.

“हळू बोला रं जरा. आत काम चाललंय.”

सगळ्यांनी खिडकीकडे माना वर केल्या. अतुलला तर कळायलाच वेळ लागला की या घरात नेट चालू आहे. आणि मी? माझ्या अंगावरून त्या वेळी काहीसुद्धा जात नव्हतं. माझ्यावरच्या तारा मेल्या तरी पहिल्यांदाच त्या घराचं माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं असेल. मित्रांनो, मी इतका हलका कधीच झालो नव्हतो. समोरचं घर आता बंद होणार नव्हतं.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घराला जे लागतं ते कुठून येतं, कुणाच्या खांद्यावरून येतं, ते एकदा बाहेर येऊन, मान वर करून बघा. दोन वाटा घेतल्या असतील तर त्या दोन्ही चालत जाऊन बघा. मध्येच कुठं तरी त्या एका खांबाला बांधलेल्या असतात. तो गंजला असेल तर त्याच्या बुडाला डांबर लावा. आणि सगळंच त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकू नका. तो नको म्हणणार नाही. एक दिवस नुसता वाकेल.